एक रेघ जास्त

साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. तो मला साडभाऊ म्हणतो, मी त्याला साडभाऊ. तो वयाने मोठा, म्हणून समोर मी त्याला ‘तुमी’ म्हणतो. इथे कागदावर म्हणणार नाही. ज्या माणसाने भरल्या घरात माझ्या कानांची अब्रू काढली, त्याला कागदावर तरी ‘तो’ म्हणायची मोकळीक मला हवी.

माझी तुमसरला धानाची मिल आहे. त्याचा भंडाऱ्याला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचा धंदा. सासुरवाडी साकोलीची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसभर दुकानं आणि पाळणे, आणि घरंच्या घरं पाहुण्यांनी भरलेली. सासऱ्यांचा शिरस्ता असा, की मंडईला दोन्ही जावई आलेच पाहिजेत. सासूबाईंच्या हातची पाटवडी असते, म्हणून मीही कधी चुकवली नाही.

हेडफोनचा नाद आधी मला लागला, हे एकदा नोंदवून ठेवतो. मिलच्या आवारातच आमचं घर, त्याला लागून ऑफिस. मंगळवारी मिल बंद असते. त्या दिवशी मी ऑफिसचं दार लावून घ्यायचो आणि चांगल्यापैकी हेडफोन कानाला लावून जुनी गाणी ऐकायचो. आठवडाभर मशीनचा धडधडाट सोसल्यावर ते दोन तास मला देवळात बसल्यासारखे वाटायचे. एकदा साडभाऊ धंद्याच्या कामाने तुमसरला आला होता. मी कौतुकाने ते हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले. त्याने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “बेस आहे.” आमच्याकडे बेस म्हणजे छान. तो एकूण आवाजाला बेस म्हणत होता की तबल्याच्या खर्जाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

सहा महिन्यांत त्याच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी भारी हेडफोन आले. आणि वरून तो मलाच शिकवायला लागला. असे हेडफोन मोबाइलला लावून चालत नाहीत, त्यांना ढकलायला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. कमजोर ॲम्पला जड हेडफोन लावले तर आवाज येतो, पण त्यात जीव नसतो. शिवाय प्रत्येक ॲम्पचा स्वभाव वेगळा. एकावर गाणाऱ्याचा गळा मऊ होतो, दुसऱ्यावर सतारीची तार टोचते. “लग्न जुळवाले बसल्यासारखं आहे साडभाऊ, कुंडली पाहा लागते,” तो म्हणायचा. मी मान हलवायचो. मनातून मला चीड यायची, कारण नाद माझा होता.

त्या वर्षी मंडईला तो दोन ॲम्प घेऊन आला. एक त्याचा आधीचा, साधा, ट्रान्झिस्टरचा. दुसरा नवीन, काचेच्या व्हॉल्व्हचा, मध्ये दोन पिवळे दिवे पेटणारा. सासऱ्यांच्या ओसरीवर त्याने दुकान मांडलं. सगळे जमले. त्याने मला पाटावर बसवलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवले, एकच गाणं आधी या ॲम्पवर, मग त्या ॲम्पवर ऐकवलं आणि विचारलं, “फरक काय वाटते?”

मी प्रामाणिकपणे म्हणालो, “सारखंच वाटून राह्यलं.”

त्याने माझ्या एका कानावरची वाटी उचलली, तोंड जवळ आणलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला, “साडभाऊ, मिलनं तुमचे कान खाल्ले. कोंडा भरला आहे त्याईत, कोंडा.”

घर हसलं. सासरे हसले, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बायकोही हसली, आणि ते मी विसरलेलो नाही.

हसण्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण त्या दिवसापासून सगळे माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले. जेवताना सासूबाई माझ्या पानाशी वाकून ओरडल्या, “भात घेता काऽऽ?” पुण्याहून मुलीचा फोन यायचा, तो कानापासून वीतभर लांब धरावा लागे. मिलमधला हेडमिस्त्री, ज्याला मी कामावर घेतलं, ज्याला मशीनच्या आवाजावरून धान सोलणारे रबर रोल घासले की नाही हे ओळखायला मी शिकवलं, तो बोलायच्या आधी माझ्या दंडाला हात लावायला लागला. तुमसर आणि साकोलीत अंतर ते काय. धानाच्या गाड्यांबरोबर ही बातमीसुद्धा आली असणार.

बाजारात तर फारच झोंबलं. धान घेताना आम्ही दाणा दाताखाली धरतो. वाळलेला दाणा कट्ट आवाज करून तुटतो, ओल असेल तर आवाज बोदा येतो. आता मशीन आल्या आहेत, तरी ढिगापाशी उभं राहून पहिला निकाल दातच देतात, आणि दातांचं म्हणणं कान ऐकतात. एक जुना अडत्या, ज्याने वीस वर्षं माझ्या कट्टवर माल सोडला, त्याने त्या दिवाळीनंतर माझ्यासमोरच शेजारच्या व्यापाऱ्याला दाणे दिले आणि म्हणाला, “तुमी बी एकडाव चावून पाहा न.” त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

मग मी कोणाला न सांगता भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटन दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बराच वेळ बटन न दाबता बसून होतो. मला वाटलं मशीन सुरू व्हायची आहे. कागदावर जी रेघ निघाली ती डावीकडून बरी चालत होती आणि उजवीकडे जाता जाता खाली घसरली होती. बारीक, उंच आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले, मिलवाल्यांचं असंच असतं, कानात काहीतरी घालत जा. मी तो कागद चार घड्या करून रबर रोलच्या खोक्यात, सुट्या सामानाच्या खाली दडवला.

म्हणजे साडभाऊ खरं बोलला होता. तो खोटं बोलला असता तर एखादे वेळी मी सोडून दिलं असतं. खरं बोलला, आणि असं बोलला, म्हणून मी त्याला सोडणार नव्हतो. एक आशा मात्र उरली होती. कान कमी झाले असतील, पण त्या दोन ॲम्पमध्ये मुळात फरकच नसेल तर? मग कोंडा त्याच्याही कानात निघाला असता. मला तेच हवं होतं. वर्षभर मी दुसरं काही मागितलं नाही.

तुमसरात एक म्हातारा रेडिओ मिस्त्री आहे. आमच्या या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळींचे ॲम्प्लिफायर आणि भोंगे त्याने आयुष्यभर सांभाळले. मी त्याला म्हणालो, मला हेडफोनचा एक ॲम्प करून द्या, दिसायला जितका भिकार करता येईल तितका करा. त्याने तो जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवला. पुढे व्हॉल्यूमचं एकच बटन, त्याभोवती खिळ्याने कोरलेल्या रेघा. डबा भिकार होता, काम नव्हतं. साडभाऊचे होते तसलेच जड हेडफोन मी मागवून ठेवले होते, आणि ते त्या डब्यावर छान चालले. माझ्या कानांना.

मिस्त्रीने एक स्विचचा खोकाही करून दिला. दोन ॲम्प त्याला जोडायचे, हेडफोन एकच. स्विच इकडे केला की हा वाजणार, तिकडे केला की तो. मंगळवारी मंगळवारी मी माझा जुना ॲम्प आणि हा डबा जोडून बसायचो, डोळे मिटून स्विच हलवायचो. मला फरक कळत नव्हता. सहा मंगळवार गेले, मला फरक कळला नाही. पण कान माझेच होते, याच्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

माझं तोंड बघून मिस्त्री एकदा म्हणाला, “तुमाले जिंकाचं आहे का ऐकाचं आहे?”

मी म्हणालो, “जिंकाचं.”

“मंग कायले मेहनत करता? ज्याले जिंकवाचं त्याचा आवाज एक रेघ वाढवा.” नाटकाचे मालक त्याला सांगायचे, मिस्त्री, आवाजात गोडी आणा. तो दहा बटनं चाचपायचा, एकाला खरोखर हात लावायचा, व्हॉल्यूमला. एक रेघ. मालक म्हणायचे, हां, आता गोड झालं. “एक रेघ कोनाले समजत नाई, पन गोड लागते. दोन केल्या तर पकडल्या जाते.”

मी डब्यावरच्या रेघा त्याच दिवशी पाठ केल्या.

दुसऱ्या मंडईला मी डबा पिशवीत घेऊन गेलो. जेवणं झाली, ओसरीवर पुन्हा दिव्यांचा ॲम्प निघाला, आणि साडभाऊ नव्या पाहुण्यांना कुंडलीची गोष्ट सांगायला लागला. मी डबा काढून त्याच्या शेजारी ठेवला. म्हणालो, “साडभाऊ, मागच्या वर्षी माझी परीक्षा झाली. अवंदा तुमची होऊन जाऊ द्या.”

डबा बघून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “ह्याच्यात भाजी कोनती आहे?” सगळे पुन्हा हसले. मी हसू दिलं. मला घाई नव्हती.

न बघता ओळखायचं, एवढंच ठरलं. पण झाकायचं कसं, यावर सासऱ्यांनी तोड काढली. त्यांनी जन्मभर बैलबाजार केला आहे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हात दुपट्ट्याखाली घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात, बाकीच्यांना कळत नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन्ही ॲम्पवर आणि स्विचवर पांघरला. खाली माझा हात, स्विच हलवायला. आणि त्यांचाही हात, स्विच कोणत्या बाजूला आहे ते बोटाने चाचपून बघायला, म्हणजे मला लबाडी करता येऊ नये. दुपट्ट्याखालीच दोन वाट्या मांडल्या, एक डब्याची, एक दिव्यांच्या ॲम्पची. साडभाऊ ज्या आवाजाला चांगला म्हणेल त्याच्या वाटीत सासरे एक धानाचा दाणा टाकणार. दहा वेळा.

हेडफोन चढवता चढवता साडभाऊने विचारलं, “आवाज दोघाईचा सारखा केला न? नाई तं काई अर्थ नाई राहत.” त्याला विद्या येत होती, हे मान्य केलं पाहिजे.

“मिस्त्रीनं शिकवलं तसा मोजून केला,” मी म्हणालो.

“तुमी म्हंता तं झालं,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. त्याने स्वतः बटनाला हात लावून पाहिलं नाही.

पहिल्या खेपेला त्याने बराच वेळ घेतला. मग बोट वर करून म्हणाला, “दुसरा. हा माझा. मोकळा आहे पाहा, हवा खेळून राह्यली त्याच्यात.” सासऱ्यांनी काही न बोलता दाणा टाकला. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, गळा मऊ लागतोय. तिसऱ्याला म्हणाला, डब्याचा आवाज म्हणजे डब्याचाच, पत्रा ऐकू येतो. पाहुणे माना डोलवत होते. मी दुपट्ट्याखाली स्विच इकडचा तिकडे करत होतो आणि आनंदात होतो. वर्षभरात इतका आनंद मला झाला नव्हता.

दहाव्या दाण्यानंतर सासऱ्यांनी दुपट्टा उचलला. नऊ दाणे डब्याच्या वाटीत होते.

सासरे म्हणाले, “जवाई, नऊ डाव तुमी डबाच सांगतला.” मग कोणीतरी हसलं आणि मागोमाग सगळं घर हसलं. मी वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य काढलं. “कोंडा तुमसरहून भंडाऱ्यापरेंत उडून येते वाटते, साडभाऊ. कोश्याचा धागा तरी असा नाई पारखत न?” धंद्यावर जायला नको होतं, हे मला बोलतानाच कळलं. पण त्यानेही धंद्यावरच घाव घातला होता.

तो चिडला नाही. हेडफोन काढले, त्यांच्या कानांवरच्या वाट्यांना लागलेला घाम रुमालाने पुसला, दिवे बंद केले, ॲम्प थंड व्हायची वाट पाहत बसून राहिला. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, त्याच्याकडे वाकल्या आणि ओरडल्या, “च्या घेता काऽऽ?” मी त्या हाकेवर वर्षभर जगलो असतो.

या वेळी उलटी बातमी त्याच वाटेने आली. बाजारात अडत्या पुन्हा माझ्या कट्टवर माल सोडायला लागला. हेडमिस्त्री दंडाला हात लावेनासा झाला. मुलगी फोनवर आपल्या साध्या आवाजात बोलायला लागली, बायको स्वयंपाकघरातून साध्या आवाजात विचारायला लागली. माझे कान शाबूत आहेत, हे सगळ्यांना पटलं होतं.

आणि मला कोणाचं काही नीट ऐकू येईना. ओरडण्याची सवय झाली होती, ती काढून घेतल्यावर कळलं की किती जातं. मुलीचं अर्धं बोलणं मी ओठांच्या आठवणीवर लावायचो आणि मध्ये मध्ये ‘हो’ म्हणायचो. मोठ्याने बोल म्हणायची सोय नव्हती. जिंकलेला माणूस असं कसं म्हणणार? बहुतेक गोष्टींना ‘हो’ चालून जातं, असं माझ्या लक्षात आलं.

पोळ्याच्या आधी, दुपारच्या वेळी, साडभाऊ अचानक तुमसरला आला. मिल चालू होती. तो माझ्यासमोर बसला, हातात काही नव्हतं. बायकोने चहा आणला आणि त्याच्याशी घरच्या चौकशा करत तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने तो पुढे वाकला, नजर टेबलावर ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलला. बरंच बोलला. शेवटी माझ्याकडे बघितलं, म्हणजे प्रश्न होता.

मी म्हणालो, “हो. हो न.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, उत्तर बरोबर लागलं असावं. मी वर एक हसूही दिलं. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, बायकोला येतो म्हणाला आणि गेला.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बायको हलली नाही. मग म्हणाली, “तुमी हो काहून म्हणले?”

“कायले?” मी विचारलं. “काय विचारलं त्यानं?”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग जवळ आली आणि वर्षापूर्वीसारखी, प्रत्येक शब्द मोठ्याने, वेगळा वेगळा बोलली. तो म्हणाला होता, घरी ताईला, म्हणजे त्याच्या बायकोला, तसल्याच स्विचवर बसवून, आपल्या जुन्या आणि नव्या ॲम्पचा आवाज सारखा करून पुन्हा पाहिलं. दहापैकी नऊ वेळा दिव्यांचा ॲम्प बरोबर ओळखला. म्हणून विचारतो, रागावू नका, त्या दिवशी डब्याचा आवाज तुम्ही जरा वाढवून ठेवला होता न?

म्हणजे फरक होता. तो ऐकू येण्यासारखा होता, ज्याला येतो त्याला. माझी एकुलती आशा तिने त्या दोन वाक्यांत संपवली आणि चहाचे कप उचलून नेले. तिला मी काही समजावलं नाही. समजावण्यासारखं तिच्यापासून आता काही लपलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी वाट पाहतोय. त्याच्या हातात माझ्या दोन्ही गोष्टी आहेत, लबाडीही आणि कानही. सासऱ्यांना एक फोन केला तरी पुरे. मी त्याच्या जागी असतो तर केला असता, त्याच संध्याकाळी केला असता. त्याने केलेला नाही. बाजारात माझा कट्ट चालतो आहे, सासुरवाडीला माझी कीर्ती आहे. तो गप्प आहे, आणि त्याचं गप्प राहणं मला त्या वर्षीच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबतं. मी त्याचा अजूनही राग करतो. फक्त आता त्या रागाला कुठे टेकवावं ते सापडत नाही.

काल त्याचा फोन आला. मंडई तोंडावर आहे. फोनवर तो माझ्याशी आता मोठ्याने बोलतो, घाई न करता, शब्दामागे शब्द ठेवून. सगळ्या गोतावळ्यात तो एकटाच तसा बोलतो. शेजारी कोणी असलं तर त्याच्या आवाजावरून लक्षात येईल, म्हणून मी फोन घेऊन मिलच्या मागे जातो.

“मंडईले या, साडभाऊ,” तो म्हणाला. “डबा बी आना संगं. मी आवाज सारखा करून देतो.”

शब्द न् शब्द मला ऐकू आला. मी हो म्हणालो.